वर्षानुवर्षे उभी राहिलेली पद्मिनी चालता चालता बंद पडते: दोष कुठे आणि कसा शोधावा

अनेक वर्षे उभी राहिलेली जुनी गाडी सुरू करणे हे फारसे अवघड काम नाही. नवी बॅटरी, चार नवे प्लग, ताजे इंजिन ऑइल आणि थोडे ताजे पेट्रोल एवढ्या भांडवलावर बहुतेक जुनी इंजिने दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला सुरू होतात. खरा त्रास त्यानंतर उभा राहतो. गाडी चालते, घरचे खूश होतात, आणि मग कुठेतरी चढावर किंवा बाजारपेठेतल्या गर्दीत ती बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. गॅरेजमध्ये नेली की कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ होतो, दोन-तीन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या १९८५ च्या प्रीमियर पद्मिनीचे नेमके हेच झाले. वडील निवृत्त होईपर्यंत ती रोज चालत होती. नंतर देवरूखजवळच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती सात वर्षे, म्हणजे कोकणातले सात पावसाळे, उभी राहिली. उभी करताना तिच्या टाकीत अर्ध्याहून कमी पेट्रोल होते आणि ते काढून ठेवण्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही. इंजिन हाताने फिरवून, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून, सगळे रीतसर करून आम्ही ती सुरू केली. ती सुरू झाली आणि बाराव्या मिनिटाला बंद पडली. पुढच्या दोन महिन्यांत कार्ब्युरेटर तीन वेळा खोलला गेला. शेवटी कळले ते असे, की दोष एक नव्हता, तीन होते. प्रत्येकाची बंद पाडण्याची तऱ्हा वेगळी होती, आणि आम्ही मात्र तिन्हींना 'गाडी बंद पडते' या एकाच नावाने ओळखत होतो. ज्यांची पद्मिनी, अँबॅसेडर किंवा कार्ब्युरेटरवर चालणारी जुनी मारुती ८०० अशाच अवस्थेत आहे, त्यांचे दोन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बंद कशी पडते, हे आधी पाहा

पाना हातात घेण्यापूर्वी एक वही घ्या. गाडी प्रत्येक वेळी बंद पडली की वेळ, गाडी सुरू होऊन किती मिनिटे झाली, इंजिन गार होते की गरम, चढ होता की सपाट रस्ता, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता की उचललेला, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, एवढे लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण चार-पाच नोंदी झाल्या की वहीच बोलू लागते.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद म्हणजे इंजिन मरताना काय करते ही. किल्ली फिरवून बंद करावे तसे ते एका क्षणात, कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडले, तर संशय विजेच्या बाजूवर घ्यावा, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि त्यांच्या वायरींवर. याउलट ते आधी उचल घेईनासे झाले, झटके खाऊ लागले, दहा-वीस सेकंद धापा टाकत राहिले आणि मग बंद पडले, तर त्याला पेट्रोल पुरत नाही असे समजावे, कारण कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे त्याच्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत ते तग धरते. रस्त्यावर व्यवस्थित चालणारी गाडी सिग्नलला पाय उचलल्यावरच बंद पडत असेल, तर आयडलिंगचा, म्हणजे पाय उचललेला असताना पेट्रोल येण्याचा, मार्ग तुंबला आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत जात आहे.

बंद पडल्याबरोबर करायची एक तपासणी मला सर्वाधिक उपयोगी पडली. एअर फिल्टरचे झाकण काढा, चोक पूर्ण उघडा, आणि इंजिन बंद असताना अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदा झटकन ओढून कार्ब्युरेटरच्या घशात पाहा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, तेव्हा विजेकडे वळा. पिचकारी कोरडी असेल तर पेट्रोल तिथपर्यंत पोहोचलेले नाही. मात्र अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा, म्हणजे ही पिचकारी मारणाऱ्या भागाचा, पडदा वाळून फाटला असेल तर चेंबर भरलेला असूनही पिचकारी उडत नाही. म्हणून गाडी नीट चालत असतानाच एकदा ही पिचकारी पाहून ठेवावी, म्हणजे संकटाच्या वेळी तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

टाकी

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषाचे मूळ माझ्या मते बहुतेक वेळा टाकीत असते, आणि बहुतेक वेळा शेवटी पाहिली जाते तीही टाकीच. यात गॅरेजवाल्यांचा पूर्ण दोष आहे असे मी म्हणणार नाही. कार्ब्युरेटर समोर असतो आणि तासाभरात साफ होतो. टाकी उतरवायची तर अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक तेवढे पैसे द्यायला तयार नसते. पण टाकी गंजलेली असताना कार्ब्युरेटर साफ करणे म्हणजे विहीर गढूळ असताना कळशी घासत बसणे होय. साफ झालेल्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत) दोन दिवसांत तोच गंज पुन्हा येऊन बसतो.

टाकी गंजते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर हवा असते. दिवसा तापून आणि रात्री गार होऊन टाकी जणू श्वास घेते, दमट हवा आत येते आणि तिच्यातले पाणी पत्र्यावर जमते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हे पाणी त्यात मुरते. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल ढोबळमानाने अर्धा टक्का पाणी सामावून घेते, म्हणजे वीस लिटरमध्ये सुमारे शंभर मिलिलिटर. त्याहून जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळाजवळच असते. वर चांगले पेट्रोल असले तरी इंजिनाला पहिला घास मिळतो तो या तळच्या पाण्याचा, आणि त्याच पाण्याने तळाचा पत्राही खाल्ला जातो.

परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढा आणि झाकण घट्ट लावून, घराबाहेर सावलीत, रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. विटकरी रंगाची भुकटी दिसली तर तो गंज. आणि वार्निशसारखा उग्र, आंबूस वास असेल तर पेट्रोल शिळे झाले आहे. त्यातला हलका, सहज पेटणारा भाग उडून गेला आहे आणि मागे चिकट राळ उरली आहे. पेट्रोल काही महिन्यांतच खराब होऊ लागते, तेव्हा सात वर्षांपूर्वीच्या पेट्रोलात ताजे मिसळून 'संपवून टाकू' असा विचार कोणीही करू नये. आमच्या बरणीत या तिन्ही गोष्टी होत्या.

आता तीन दोषांपैकी पहिल्याकडे येतो, जो गंजाहूनही आधी सापडला. गाडी बरोबर दहा ते पंधरा मिनिटे चालून बंद पडत असेल आणि पाच-दहा मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशी सुरू होत असेल, तर बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडून कान द्या. हवा आत खेचली गेल्याचा 'स्स्स' असा आवाज आला, तर टाकीची हवा घेण्याची वाट बुजली आहे. पेट्रोल जसे बाहेर जाते तशी त्याच्या जागी हवा यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. आमच्या टाकीची ही वाट कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकली होती. सात वर्षे हलली नाही अशी बारीक भोकाची जागा तिला घरट्यासाठी उत्तम वाटली असणार. तारेने ती माती काढली आणि बारा मिनिटांचे दुखणे त्याच दिवशी संपले. तेवढ्याने आम्ही समाधान मानले, आणि तिसऱ्या दिवशी गाडी देवरूखच्या चढावर धापा टाकून पुन्हा बंद पडली.

हा दुसरा दोष, म्हणजे गंज. त्याची खूण अशी, की वेळ ठरलेली नसते, पण चढावर किंवा वेगात, जेव्हा पेट्रोल जास्त लागते, तेव्हा गाडी मरते. टाकीतला कचरा ओढला जाऊन नळीच्या तोंडाशी चिकटतो. इंजिन बंद झाले की ओढ थांबते, कचरा खाली पडतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. त्याहून बारीक भुकटी पंपाच्या जाळीतूनही निसटते आणि आयडल जेटमध्ये जाऊन बसते. म्हणजे एकाच गंजामुळे कधी चढावर तर कधी सिग्नलला गाडी बंद पडते, आणि पाहणाऱ्याला दोन निराळे दोष असल्याचा भास होतो.

टाकी उतरवून ती पूर्ण रिकामी करावी आणि उघड्यावर ठेवावी. आत मूठभर बजरी किंवा साखळीचा तुकडा घालून, टाकी सगळ्या बाजूंनी हलवून सुटा गंज काढावा. मग पांढऱ्या व्हिनेगरने ती काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवावी. व्हिनेगर ओतून दिल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, साध्या पाण्याने धुवावे आणि ती ताबडतोब, गरम हवेच्या झोताने पूर्ण कोरडी करावी, कारण उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. कोरडी झाल्यावर थोडे ऑइल मिसळलेले पेट्रोल आत खळबळून घ्यावे. पत्र्याला भोके पडली असतील तर एक गोष्ट आग्रहाने सांगतो: पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून तिला वेल्डिंग करायला कोणालाही देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा स्फोटाला हवी तशी मिसळलेली असते. अशी टाकी सरळ बदलावी.

टाकीपासून पंपापर्यंत

टाकी उतरवण्याआधी दोष खरोखर तिथेच आहे याची खात्री करता येते. गॅरेजमध्ये सलाइनसारखी पेट्रोलची बाटली बॉनेटला टांगून गाडी चालवून पाहण्याची पद्धत आहे, पण ती दोन कारणांनी मला पसंत नाही. गरम इंजिनावर पेट्रोल टांगणे हा आगीला दिलेला उघड निमंत्रणाचा प्रकार आहे, आणि उंचावरच्या बाटलीतून पेट्रोल आपोआप खाली येत असल्यामुळे पंपाचा दोष झाकला जातो. त्याऐवजी झाकणाला हवेचे भोक असलेला धातूचा छोटा कॅन गाडीच्या बाहेर, सायलेन्सरपासून दूर, टाकीच्याच उंचीवर जमिनीलगत ठेवावा आणि नव्या नळीने तो पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाला जोडावा. गाडी एका जागी उभी ठेवून, आग विझवायचे साधन हाताशी ठेवून, इंजिन अर्धा तास वेगवेगळ्या रेसवर चालवावे. या अवस्थेत ते बंद पडले नाही तर पंप, कार्ब्युरेटर आणि वीज यांना तूर्त निर्दोष समजावे. दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या नळीत आहे. बंद पडले, तर दोष पंपात किंवा पुढे आहे.

नळीबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पंपाच्या पुढची नळी फुटली तर पेट्रोल बाहेर ठिबकते आणि दिसते. पण पंपाच्या मागची, ओढीची नळी चिरली तर बाहेर थेंबही येत नाही. ती उलट आत हवा ओढते. त्यामुळे 'गळती नाही' म्हणून जुनी नळी तशीच ठेवू नका. सात वर्षांत रबर वाळून तडकलेलेच असते, आणि सध्याच्या पेट्रोलातले वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मऊ करून त्याचे कण सोडवते. सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) आणि कार्ब्युरेटरमधली रबरी अंगे इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारची घ्यावीत. पंपाजवळ पारदर्शक फिल्टर बसवावा. आत काय येते आहे ते डोळ्यांनी दिसते.

पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल पुढे जाण्याऐवजी इंजिन ऑइलमध्ये झिरपू शकते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर डायफ्रॅम बदलून ऑइलही बदलेपर्यंत इंजिन चालवू नये.

कार्ब्युरेटर, आता त्याच्या पाळीला

टाकी आणि नळ्या स्वच्छ झाल्यावरच कार्ब्युरेटर शेवटचा एकदा नीट साफ करावा. जेट तारेने खरवडू नयेत. पितळ मऊ असते, भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो. फ्लोट हलवून आत पेट्रोल वाजते का ते पाहावे, फ्लोटने उघडझाप होणारा निडल व्हॉल्व्ह पुरता बसतो का ते पाहावे. तो उघडा अडकून राहिला तर गाडी उलट्या कारणाने, म्हणजे जास्त पेट्रोलने गुदमरून, काळा धूर सोडत बंद पडते.

इथे एका प्रचलित उपायाबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो. सिग्नलला गाडी बंद पडते म्हणून आयडलिंगचा स्क्रू आवळून रेस वाढवून देणे ही दुरुस्ती नव्हे. इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवले की दोष लपतो, पेट्रोल जास्त जाते आणि खरे कारण तसेच राहते. आधी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांत नेणारा नळ) यांमधले गॅस्केट, थ्रॉटलच्या दांडीची झीज आणि ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी तपासावी. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारे मापक) मिळाला तर फार उत्तम: समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या आसपास स्थिर काटा दाखवते. काटा कायम खाली असेल तर हवा गळते आहे किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे आहे. तो मधूनच, ताल न धरता, झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह अडकतो आहे, जे वर्षानुवर्षे न फिरलेल्या इंजिनात घडते. शिवाय वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाला हवेच्या मानाने थोडे जास्त इंधन लागते, त्यामुळे पूर्वीच्या सेटिंगवर मिश्रण किंचित पातळ पडते आणि आयडलिंग थरथरते. मिक्श्चर स्क्रू नव्याने लावावा लागतो.

गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी

आमचा तिसरा दोष वर सांगितलेले सगळे झाल्यावर उघड झाला. गाडी महिनाभर उत्तम चालली आणि एका दुपारी साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाच्या सुरुवातीला, एका क्षणात बंद पडली. धापा नाहीत, झटके नाहीत. वीस मिनिटांनी सुरू झाली, आणि दोन वळणांनंतर पुन्हा तसेच.

उन्हातल्या घाटात प्रथम संशय येतो तो पेट्रोलची वाफ होण्याचा. पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे तो तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या त्या काळात चालक पंपावर ओले फडके गुंडाळत, ते यासाठीच. तो उपाय परीक्षा म्हणूनही चांगला आहे: पंपावर गार पाणी टाकलेले फडके ठेवून दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफेचा दोष समजावा. आम्ही फडके ठेवले, काही झाले नाही. पिचकारी पाहिली, ती भरघोस होती. म्हणजे पेट्रोल होते आणि ठिणगी नव्हती.

प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून, सेल्फ मारताना पॉइंटकडे पाहिले तर तिथे मोठी निळसर ठिणगी उडत होती. ही कंडेन्सर गेल्याची खूण आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यात होणारी ठिणगी कंडेन्सरने गिळायची असते, म्हणजे कॉइलमधला जोर प्लगकडे जातो. तो गिळत नसेल तर जोर पॉइंटवरच वाया जातो. गार असताना कंडेन्सर काम करतो, तापला की सोडून देतो. दिसायला बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि किमतीला अगदी किरकोळ असा हा भाग लोक शेवटी तपासतात. कॉइलही अशीच तापल्यावर दगा देते. ती हाताला चटका बसेल इतकी तापत असेल तर तिचाही संशय घ्यावा. शिवाय उभ्या गाडीत पॉइंटवर गंजाचा पातळ थर चढतो, तो बारीक कानसपट्टीने साफ करून फीलर गेजने फट लावावी, आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर हाताने हलवून पाहावी. तिचे वेष्टन वरून धड दिसते आणि आत तांबे तुटलेले असते. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवावी.

नवा कंडेन्सर घेताना दोन घ्यावेत आणि दोन्ही आळीपाळीने बसवून, प्रत्येकावर तासभर गाडी चालवून पाहावी. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला भाग नवा असूनही गेलेला असू शकतो. आमचा पहिला तसाच निघाला. दुसरा टिकला, आणि पहिल्याच्या जागी चाचणी करून घेतलेला तिसरा आता डिकीत हत्यारांच्या पिशवीत असतो.

त्यानंतर गाडी भर दुपारी, चार माणसे बसवून, आंबा घाट चढून गेली आणि वर पोहोचल्यावर मुद्दाम दहा मिनिटे आयडलिंगवर उभी ठेवली. पुढचे तीन महिने मी पारदर्शक फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून पांढऱ्या बशीत झटकून पाहत होतो. पहिल्या दोन वेळा तांबूस भुकटी पडली, तिसऱ्या वेळी चिमूटभर, आणि त्यानंतर बशी कोरी राहिली. येत्या पावसाळ्यात गाडी पुन्हा उभी राहणार आहे. या वेळी टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवायची, फ्लोट चेंबरमधले पेट्रोल इंजिन चालवून संपवायचे, आणि टाकीच्या हवेच्या वाटेला बारीक जाळी बांधायची, म्हणजे हवा जाईल पण कुंभारणीला आत शिरता येणार नाही.